राजीखुशीनं

"कागद खाली ठेव. चार पावलं मागे सर."

नगर कमेटीचा कारकून असा बोलला, तवा मी कचेरीच्या अंगनात उभी होती. कागद मातीवर ठेवला. मांगं सरकली. चपराश्यानं लोटा आनला, कागदावर पानी शिपडलं, मंगच उचलला. शाई फुटली. कोन्या मास्तरच्या हातापाया पडून लिहून आनलेला अर्ज. अर्धा वाहून गेला.

मी भीक मांगाले गेली नव्हती. आमी मांगाचे. वाशिमच्या बाजारात दोर अन् केरसुन्या इकत होतो. माही सासू जिथं बसे, तिथंच मी बसो. बाजूले अमीनाबी, बांगड्यावाली. कमेटीनं ठरोलं, ही ओळ उठवाची अन् व्यापाऱ्यायसाठी पक्के गाळे बांधाचे. डवंडी देल्ली, ज्याची हरकत असन त्यानं अर्ज द्यावा. म्हनून देल्ला.

अमीनाबीले वसरीवर घेतलं. मी खालीच, उन्हात. आत भितीले नकाशा टांगला होता. खुर्चीवर अध्यक्ष, मोठे जमीनदार.

म्या खालूनच इचारलं, "साहेब, यात माही जागा कोठी हाये?"

त्यायनं नकाशावर छडी टेकोली. "इथे मोकळी जागा आहे."

"मोकळी नाई जी. तिथं मी बसतो."

"नकाशात तू नाहीस. म्हणजे तू नाहीसच."

सारे हासले. त्यात एक शेठ होता. त्याच्या हिरीवर माह्याच हातचा दोर. त्या दोरानं काढलेलं पानी त्याले चाले.

मले राग नाई आला. थकवा आला. वाटलं, इथंच मातीत बसून घ्यावं.

मंग तयार कागद निंगाला. कारकुनानं वाचला, "आम्ही आमची जागा राजीखुशीने सोडत आहोत." एकेक जन अंगठा लावून गेला. माह्या दिरानं लावला. अमीनाबीनंबी लावला, अन् जाता जाता मले म्हने, "क्या करूं बाई, ताकत नहीं रही."

कारकुनानं शाईची डबी माह्याकडं पायानं सरकोली.

"लाव अंगठा."

"नाई लावत."

"काय म्हणालीस?"

"जागा घ्याची तं घ्या. राजीखुशीनं देत नाई."

अध्यक्ष उठून उभे झाले. "धरा रे तिचा हात!"

कोनी हाललं नाई. कारकुनानं चपराश्याकडं पाह्यलं. चपराश्यानं खाली पाह्यलं. हात धरला तं बाटन. ज्या इटाळानं मले जलमभर अंगनात उभं केलं, त्याच इटाळानं त्या दिवशी माहा हात कोनाले धरू देल्ला नाई.

तवा डोक्यात उजेड पडला. मी नाईच, तं माह्या अंगठ्यासाठी हे कायले अडून राह्यले?

मी पाठ फिरोली अन् निंगाली. मांगून शिव्या आल्या. आयकल्या.

माह्या अंगठ्याबिगरच गाळे झाले. माह्या जागी आता कापडाचं दुकान हाये. मी रिठदच्या रस्त्यावर बाभयीखाली बसतो. गिऱ्हाईक कमी येते. अमीनाबी कोठी गेली, मालूम नाई.

परवा पुन्हा डवंडी आली. आता नाल्यापल्याडची जागा पाहिजे, कापसाची सरकी काढाच्या जिनासाठी. नाल्यापल्याड आमची वस्ती. नव्या नकाशात तेबी मोकळंच मैदान हाये म्हनते.

काल पह्यले दिराच्या घरी गेली. तो म्हने, "वयनी, सरकारासंग कोन भांडते?"

म्हनलं, "भांडू नको. अंगठा देऊ नको. इतकंच."

मंग म्हने, "मांगच्या वक्ती म्या देल्ला, त्याचं मले अजून सलते."

तसंच घरोघर फिरली. कोनी हो म्हनलं, कोनी दार लोटलं. पाय सुजले. आज उरलेली घरं करतो. उद्या कमेटी बसते.

जे हो म्हनले, त्यायच्यातलं कोनीच अंगठा देनार नाई. वस्तीतून कोनी उठनारबी नाई. जागा पाहिजेच असन, तं त्यायले एकेकाले हातानं उचला लागन. लावा म्हना हात.