न लागणाऱ्या परवानगीचा कागद

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शिक्षण चौथीपर्यंत. नातीच्या वहीतली उरलेली पानं आहेत, त्यांवर लिहिते आहे. समास मात्र सरळ सोडला आहे.

मी पोलीस अधिकारी नव्हते. हुबळीच्या एका ठाण्यात एकोणतीस वर्षं झाडलोट केली, चहापाणी केलं, बाई आरोपी आली की तिच्याजवळ बसले. निवृत्तीनंतर आमचे जुने साहेब भेटले. ते आपल्या नोकरीतल्या आठवणी लिहून काढतात. मला म्हणाले, "परवान्यांची केस मी लिहिणार नाही. ती तुमची आहे बाई, तुम्हीच लिहा." मी नुसती हसले होते. पण ते प्रकरण आठवलं की अजून हातातलं काम थांबतं, म्हणून लिहिते. कुणाचं नाव घालत नाही.

सकाळची हजेरी संपून बंदोबस्ताची माणसं बाहेर पडली होती. देशपांडे नगरातल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत एकच कागद. फसलेला माणूस कागद फार जपून आणतो, हे मी ठाण्यात कितीदा पाहिलं आहे.

त्यांना स्वयंपाकघराची फरशी बदलायची होती. काम सुरू होण्याआधीच एक माणूस दारात आला. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल. म्हणाला, घरात तोडफोड करायची तर परवानगी लागते, नाहीतर काम बंद आणि वर दंड. त्याने पंचवीस हजार घेतले आणि तिसऱ्या दिवशी गोल शिक्क्याचा छापील परवाना आणून दिला. बाईंचे जावई वकील. त्यांना संशय आला, म्हणून बाई स्वतः पालिकेत जाऊन विचारून आल्या. असा परवाना आम्ही देत नाही, असं तिथल्या कारकुनाने सांगितलं. फरशी बदलायला तो लागतही नाही, असंही सांगितलं.

मी चहा घेऊन आत गेले तेव्हा कागद टेबलावर उघडा पडला होता. कप ठेवताना माझ्या हातून चहा बशीत सांडला. तसलाच कागद माझ्या घरी ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली होता.

मी बशी पुसली आणि बाहेर आले. 

आमचं घर गोकुळ रोडच्या मागच्या बाजूला, दोन खोल्या आणि मागे न्हाणी. न्हाणीतली शहाबादी फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. तिच्यावर माझ्या सासूबाई पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत. खरखरीत फरशी, बसायची सोय आणि धरायला दांडी, एवढंच करायचं होतं. पण मी सरकारी नोकरीतली बाई. नियमाबाहेर काही झालं तर नोकरीवर येईल, अशी धास्ती. म्हणून आधी परवानगीचं विचारावं असं मनात आलं.

विचारायचं कुणाला? पालिकेच्या खिडकीशी उभं राहायची मला लाज वाटायची. एकदा गेले होते, रांगेत माझा नंबर आला आणि तोंडातून शब्दच फुटेना, तशीच परत आले. ठाण्यासमोर छपरीत एक अर्ज लिहिणारे बसायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कानडी, मराठी, इंग्रजी तिन्ही यायचं. लोकांच्या तक्रारी, प्रतिज्ञापत्रं, रेशनचे अर्ज तेच लिहीत. मला ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. नोकरीच्या पहिल्या वर्षी रजेचा अर्ज लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. कागदाची डावी बाजू चार बोटं दुमडायची, अंगठ्याच्या नखाने घडी दाबायची, मग उलगडून घडीच्या उजवीकडे लिहायचं. म्हणाले होते, "अक्षर कसंही असू दे तंगी, समास सरळ ठेव. साहेब अर्धी रजा तिथेच मंजूर करतात."

त्यांनाच विचारलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता नियम फार कडक झालेत. चौकशी करून सांगतो." दोन दिवसांनी फाईलवाला माणूस आमच्या दारात उभा. मी अठरा हजार दिले. फरशीसाठी ठेवलेले सगळे पैसे त्यात गेले आणि फरशी राहिली ती राहिलीच. सासूबाईंची अंघोळ बाहेर खुर्चीवर, आडोशाला चादर धरून. त्या कुरकुरल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "परवानगी आली म्हणतेस, मग पाणी कुठे ओतायचं ते पण त्यात लिहिलंय का बघ."

याहून वाईट पुढे आहे. शेजारच्या अक्काला मागच्या पडवीचा फुटका पत्रा बदलायचा होता. ती एकटी बाई, पापड लाटून जगणारी. तिला मीच सांगितलं, आमच्या ठाण्यासमोरचे मास्तर आहेत, त्यांना विचार, माणूस चांगला आहे. तिनेही बारा हजार दिले.

शिक्षिकाबाईंच्या तक्रारीच्या दोन ओळी पेपरात आल्या आणि मग लोक यायला लागले. आठवड्यात चार तक्रारी झाल्या. चौथी अक्काची होती. मला व्हरांड्यात झाडू मारताना बघून ती थांबली. "तुझ्या तोंडाकडे बघून दिले होते मी," एवढंच कानडीत म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं सोडलं. तरीही मी तोंड उघडलं नाही. मास्तरांनाही त्या फाईलवाल्याने फसवलं असणार, असंच आम्ही दोघी धरून होतो. पोलीस ठाण्यात काम करणारी बाई फसली म्हटल्यावर हवालदार लोक काय काय बोलतील, ते मला ठाऊक होतं.

तपास पुढे सरकत नव्हता. शिक्षिकाबाईंनी तक्रार आपल्या हाताने लिहिली होती. तिच्यात माणूस बुटका, सावळा, डाव्या डोळ्याखाली तीळ. बाकीच्या तिघांच्या तक्रारींत कुठे उंच आणि गोरा, कुठे चष्मेवाला, कुठे पन्नाशीचा. साहेब म्हणायचे, ही टोळी आहे, तीन-चार जण तरी असतील. माणसं धारवाडपर्यंत जाऊन आली. त्या तिघांना लिहिता येत नव्हतं, तक्रारी मास्तरांनी लिहून दिल्या होत्या. त्यांना तोंडी नीट कुणी विचारलंच नाही. ते आमच्या ठाण्याचं चुकलं, हे साहेब आजही मान्य करतात.

एके दिवशी साहेब चारही परवाने टेबलावर पसरून तसेच फेरीला गेले. मी टेबल पुसायला गेले. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी आधी कागद बघते, अक्षरं नंतर. चारही कागद संगणकावर छापलेले होते. आणि चारही कागदांवर डाव्या बाजूला, चार बोटांवर, वरपासून खालपर्यंत एक सरळ घडी होती. नखाने दाबलेली.

छापील कागदाला समासाची घडी कशाला लागते? ज्याच्या हाताला सवय असेल, त्याच्याच हातून ती पडते.

 साहेबांच्या खुर्चीवर बसायची हिंमत मी कधी केली नव्हती, त्या दिवशी बसले. खिडकीतून समोरची छपरी दिसत होती. मास्तर कुणाचा तरी अर्ज लिहीत होते आणि शेजारी उकिडवी बसलेली बाई त्यांच्याकडे हात जोडून बघत होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन ट्रंक उघडली. माझा परवाना चौपदरी करून ठेवला होता, त्या घड्यांत ती जास्तीची घडी माझ्या लक्षातच आली नव्हती. तो कागद घेऊन परत आले आणि साहेबांपुढे ठेवला.

"हा कुठे सापडला?"

"माझा आहे साहेब. मी पण दिलेत पैसे."

 मी घडीवर बोट ठेवलं आणि मास्तरांचं नाव घेतलं. तेव्हा साहेब रागावले. म्हणाले, "माझ्या वडिलांच्या पेन्शनचे अर्ज त्या माणसाने लिहिलेत. घडीवरून मी कुणाला चोर ठरवू?" पण त्यांनी पाचही कागद उन्हाकडे धरून पाहिले. मग शिपायाला सांगितलं, मास्तरांना बोलव, साक्षीदार म्हणून सही हवी आहे. आणि मला म्हणाले, चहा ठेवा.

मास्तर नेहमीसारखे हसत आले. साहेबांनी एक छापील नमुना त्यांच्यापुढे सरकवला, खाली सही करा म्हणाले. मास्तरांनी कागद हातात घेतला, वाचण्याआधीच डावी बाजू दुमडली आणि अंगठ्याचं नख वरून खाली ओढलं.

 साहेबांनी पाच परवाने एकेक करून त्या कागदाशेजारी मांडले. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. त्यांनी पाणी मागितलं. पाणी मीच नेऊन दिलं. 

नुसत्या घडीने कोर्टात काही सिद्ध होत नाही. साहेबांनी विचारलं, शिक्के कुठे आहेत?  साहेब ओरडले नाहीत, चहाचा कप पुढे केला. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि मान वळवून आमच्याच व्हरांड्याकडे पाहिलं.

त्यांची एक लाकडी पेटी होती. छपरीत चोरी होते म्हणून गेली कित्येक वर्षं ती आमच्या व्हरांड्यातल्या जिन्याखालीच असायची, लागतील तेवढे कागद ते सकाळी काढून न्यायचे. पंच बोलावून पेटी उघडली. कोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्याखाली तीन गोल शिक्के, शाईची डबी आणि सात छापील परवाने निघाले, नाव छापायचं बाकी असलेले. पंचनामा आमच्याच जिन्याखाली झाला. लिहिणारा हवालदार मध्येच थांबून म्हणाला, "ठिकाण काय लिहू साहेब? आपलंच ठाणं?" एरवी कुणी हसलं असतं.

ती पेटी मी रोज सकाळी उचलून बाजूला ठेवत होते, खालचा केर काढत होते आणि पुन्हा जागेवर ठेवत होते. आठवड्यातून एकदा तिच्यावर ओला फडका फिरवत होते.

मग सगळं बाहेर आलं. छपरीत कुणी घराच्या कामाविषयी बोललं की मास्तर आपल्या भाच्याला पाठवायचे. बुटका, सावळा, डोळ्याखाली तीळ असलेला तोच. शिक्षिकाबाई प्रतिज्ञापत्रासाठी आल्या होत्या तेव्हा फरशीचं सहज बोलून गेल्या होत्या. तक्रार लिहून घ्यायला आलेल्यांना मास्तर एक वाचून दाखवायचे आणि कागदावर दुसरंच वर्णन असायचं. भाचा गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपजवळ सापडला.

जबाब घेताना बाकी सगळं साहेबांनी विचारलं. मी दारात उभी होते. मला बोलायची परवानगी नव्हती, तरी तोंडातून निघून गेलं, "मास्तर, माझ्याकडूनसुद्धा?"

त्यांनी वर पाहिलं. आवाज नेहमीचाच होता, मऊ. "तंगी, आत जाऊन विचारलं असतंस तर एक रुपया लागला नसता. पण आत कुणी जातच नाही. मी बत्तीस वर्षं बाहेर बसून बघतोय."

मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

चार दिवसांनी मी रजा काढून एकटी पालिकेच्या कचेरीत गेले. रांगेत उभी राहिले, पदर घट्ट धरला, नंबर आल्यावर विचारलं. खिडकीतल्या मुलीने वर न बघता सगळं सांगितलं. रंग, गिलावा, फरशी, फुटका पत्रा किंवा कौल बदलायला परवानगी नको. नवी खोली किंवा वर मजला चढवायचा तर नकाशा मंजूर करून घ्यायचा. नळासाठी किंवा ड्रेनेजसाठी रस्ता खोदायचा तर आधी अर्ज करायचा. शंका असेल तर काम सुरू करण्याआधी येऊन विचारा, म्हणाली. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रडले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं साहेब विचारतात. मला एवढंच कळलं की त्या माणसाने परवाने विकलेच नाहीत. आम्हाला खिडकीशी जायची लाज वाटत होती, ती त्याने ओळखली आणि तिचे पैसे घेतले. ती लाज माझ्याकडे नसती तर अक्काला मी तिकडे पाठवलं नसतं.

मास्तर जामिनावर सुटले. पुढे त्यांच्या वकिलाने तडजोड मांडली, प्लॉट विकून सगळ्यांचे पैसे फेडतो म्हणून. कोर्टाने मान्य केलं. कुणाला आधी, कुणाला नंतर, हा प्रश्न आला तेव्हा मी साहेबांमार्फत एकच कळवलं, आधी अक्काचे, सर्वात शेवटी माझे. अक्काचे बारा हजार मिळाले त्या दिवशी तिने कुंपणावरून पापडांची एक चवड माझ्या हातात दिली. बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंना न्हाऊ घालताना चादरीचं दुसरं टोक तिने धरलं.

माझे पैसे दोन हप्त्यांत आले. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मास्तर वकिलाबरोबर उभे होते. वाळले होते. छपरीत आता दुसरं कुणीतरी बसतं. वकील म्हणाला, पैसे मिळाल्याचं लिहून हवं, आणि त्याने मास्तरांच्या हातात कोरा कागद दिला. मास्तरांनी डावी बाजू दुमडायला घेतली आणि मध्येच थांबले. घडी न घालता कागद तसाच सपाट करून माझ्यापुढे धरला.

"लिहून देऊ का तंगी?"

"मी लिहिते," म्हटलं.

मी कागद बाकावर ठेवला, चार बोटं दुमडला, नखाने घडी दाबली आणि उलगडला. वेळ लागला. सगळे थांबून राहिले. मग घडीच्या उजवीकडे, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, अठरा हजार रुपये पूर्ण मिळाले, आणि खाली सही केली.