टोकाची टोपी

समजा, एकाच केबलवर पाच संगणक माळेसारखे ओवलेले आहेत. त्यात माहिती साठवायचे दोन नवे संगणक जोडायचे, तर केबल मध्येच कापावी लागणार. कापली की पाचही मुके. बाहेर वजनकाट्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि पक्कड तुमच्या हातात. कापाल?

भारतीताईंनी कापली. १९९७ चा गळीत हंगाम होता. राहाता तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यात त्या वायरमन होत्या. बाईसाठी हुद्द्याला वेगळं नाव नव्हतं. मी नवा शिकाऊ इंजिनिअर. जोड कसे बसवायचे ते मी पुस्तकातून वाचून दाखवलं. ताईंनी पंधरा दिवस केबलच्या तुकड्यांवर हात बसवला. आज जमलं नाही, तर हे काम पुण्याच्या माणसाकडे जाणार होतं आणि ताई परत ट्यूबलाइट बदलायला.

"पंधरा मिनिटं काटा थांबवतो," काट्यावरचे राधाकृष्णअण्णा म्हणाले. "सोळावं लागलं तर गाडीवान मला उसासंगं चरकात घालतील."

सातव्या मिनिटाला जोड बसले. संगणक चालू केले. एकही दुसऱ्याशी बोलेना.

"झाली हौस?" फोरमन रंगनाथ म्हणाले. "काढ ते नवे, जुनं हुतं तसं कर."

माझाही हात नव्या जोडांकडेच गेला.

"हात लावू नको," ताई म्हणाल्या. "ते मी केलेत. पक्के हायेत."

मग केबलवर हात ठेवून त्या निघाल्या, आवार ओलांडून थेट केबलच्या टोकाला, काट्याच्या खोलीत. तिथल्या संगणकावर झेंडूचा ताजा हार होता.

"अण्णा, मशिनीमागं कुनी हात घातला?"

"म्या. काटा बंदच हाय, म्हनलं शनिवारचा हार बदलावा. जुना त्या बारक्या टोपीत गुतलावता. फिरवून काढली टोपी. तिला पुढं वायर तरी कुठं हुती?"

निर्माल्याच्या पिशवीतून ताईंनी टोपी शोधली, पाकळ्या फुंकल्या, केबलच्या टोकावर परत बसवली. प्रिंटर खरखरला. पहिली पावती निघाली.

"चौदा!" अण्णा घड्याळ दाखवत ओरडले.

रंगनाथांनी नवे जोड एकेक ओढून पाहिले. "गोदामाची केबल बी तूच ओढ," म्हणाले.

ताई हसल्या नाहीत. पण त्या दिवशी पक्कड पेटीत न टाकता त्यांनी सायकलच्या हँडलला अडकवून घरी नेली.

टोपी नसली की सिग्नल टोकावर आपटून मागे फिरतो आणि सगळा गोंधळ करतो, हे मी त्यांना सांगितलं. टोपी असली की तो तिच्यातच जिरतो, त्याची उष्णता होते, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या काट्यावर जाऊन टोपीला बोट लावून आल्या. अजून भेटल्या की विचारतात, "दिवसभर एवढं गिळती, मग ती गार कशी रे?"