खिडकीतले नंबर

सोमवारी आमचं रेस्टॉरंट बंद असतं, आणि सोमवारीच दुपारी मी खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे सिनेमा बघायला जातो. आजोबा हे मी मनातल्या मनात म्हणतो, तोंडावर ‘मेनेर’, म्हणजे साहेब. ते इथलेच, डच. जन्मभर हेगमध्ये ट्राम चालवली, आता शेजारच्या झूटरमेर गावात एकटेच राहतात. मी त्यांच्या अगदी डोक्यावरच्या घरात राहतो. माझी शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते शेगडीसमोर, उभ्याउभ्या.

ओळख झाली ती मिरचीच्या फोडणीमुळे. एका सुट्टीच्या दिवशी माझ्या घरातला धुराचा भोंगा वाजायला लागला आणि आजोबा वर आले. मी दार उघडायच्या आधीच सॉरी म्हणायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे खिशातली डायरी काढली आणि मला पुढच्या आठवड्यातली वेळ दिली, कॉफीसाठी. तो आठवडा मी जो काढला तो मलाच ठाऊक. हा माणूस तक्रार करणार, घर जाणार, मग नोकरी, मग व्हिसा, इथपर्यंत मी रोज रात्री जाऊन पोचत होतो. प्रत्यक्षात त्यांनी कॉफी दिली, डब्यातून एक बिस्कीट दिलं, डब्याचं झाकण लावलं आणि सिनेमा सुरू केला.

जुना ब्रिटिश विनोदी नट. लांब चेहरा, झोपाळू डोळे, आणि भुवया अशा की त्या वेगळा पगार घेत असतील. नाव लिहीत नाही, कारण मग इतरांचीही लिहावी लागतील. आजोबांकडे त्याचे सगळे सिनेमे होते आणि त्यातले सगळ्यात चांगले तीन खिडकीच्या कठड्यावर क्रमाने उभे केलेले असत. पहिला, समुद्राला घाबरणाऱ्या दीपगृहाच्या राखणदाराचा. दुसरा, ज्याला सगळे उमराव समजून बसतात अशा वेटरचा. तिसरा, घरोघरी पियानो दुरुस्त करत फिरणाऱ्याचा. मला दुसरा पहिला वाटायचा. त्यात तो सूपचं भांडं घेऊन एक लांबलचक जिना चढतो, आणि दर पायरीला कोणीतरी उमराव समजून त्याच्याशी हस्तांदोलन करतं. ज्याने गरम भांडं घेऊन धावपळ केली आहे त्याला तो जिना कळतो. आजोबा म्हणायचे, तुला भूक लागलेली असते म्हणून तसं वाटतं. आमचं हे भांडण कित्येक सोमवार चाललं होतं. त्यांची नातवंडं काळे-पांढरे सिनेमे बघायला तयार नव्हती, त्यामुळे भांडायला मी एकटाच.

आता मंडळाचं. झूटरमेरच्या मराठी मंडळात बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे आयटीवाले, आणि मी त्यांच्या कार्यक्रमांचा स्वयंपाक करतो. खेमेंतेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की मी मंडळाच्या सेक्रेटरी ताईंकडे धावतो आणि त्या हातातलं काम टाकून ते वाचून देतात. त्या उपकारांचं ओझं डोक्यावर होतंच. हिवाळ्यातल्या स्नेहसंमेलनाला नाटक बसवलं होतं, पण नायक तापाने आडवा झाला. ताई फोनवर मसालेभाताची चौकशी करता करता रडकुंडीला आल्या. मुलांना मराठी नीट समजत नाही, भारतातून आलेल्या आईवडलांना इंग्रजी नाही, दोघांना एकत्र दाखवायचं तरी काय? माझ्या तोंडून निघून गेलं, आमच्या खालच्या आजोबांकडे एक नट आहे.

‘दादा, हसतील ना लोक?’ त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि खाली जाऊन आजोबांना विचारलं. आजोबा स्वतः प्रोजेक्टर घेऊन येणार होते. शर्टाला इस्त्री करत होते. दुसऱ्या नंबरचा सिनेमा निवडला म्हणून जरा कुरकुरले, पण आले नसते असं नाही. लोक हसले नाहीत तर मी आपला भातावर परत जाईन, ते ठीक. पण त्या गप्प हॉलमध्ये आजोबा आपला नट घेऊन बसलेले मला बघवणार नव्हते.

म्हणून मी हुशारी केली. आपली माणसं तासभर उशिरा येणार हे धरून मंडळींना दोनची वेळ कळवली आणि आजोबांना तीनची.

मंडळी दोनला आली. सगळीच्या सगळी. मुलं इथल्या शाळेत घड्याळाला इतकी पक्की झालेली की त्यांनी आईबापांना घराबाहेर ढकललं होतं. पडदा कोरा, मसालेभात अजून वाफेवर. आणि आजोबा तीन म्हणजे तीन. त्यांना आधी बोलवायची सोय नव्हती. सांगलीहून मुलाकडे आलेले एक काका कोट सांभाळत माझ्याकडे आले.

‘काय हो आचारी, दोनला बोलावलंत, दोनला आलो. तुमचं घड्याळ अजून इंडियातच का?’

सगळे हसले, मीसुद्धा. खुर्च्या वाजायला लागल्या, एक पोरगं डचमध्ये घरी जायचं म्हणायला लागलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग मला दुसरं काही सुचेना म्हणून मी मठ्ठ्याचं पातेलं उचललं आणि म्हटलं, थांबा, तो नट येईपर्यंत जिना कसा आहे ते सांगतो. पातेलं घेऊन मी खुर्च्यांच्या मधून निघालो. दर खुर्चीला कोणीतरी हात पुढे करायचं, मी पातेलं एका हातावर तोलून हात मिळवायचो आणि भुवया वर न्यायचो. काका तर एकदा हात मिळवून पुढच्या रांगेत जाऊन परत हात काढून बसले. मुलंही तेच करायला लागली. मठ्ठा माझ्या बाहीतून कोपरापर्यंत गेला तरी माझा जिना संपेना.

आणि दारात आजोबा. टाय, प्रोजेक्टर, चेहरा अगदी ट्राम चालवतानाचा. सिनेमाच्या आधीच हॉल हसत होता आणि त्यांना काही उलगडत नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. आधी मुलं हसायची, कारण खाली डच अक्षरं नटाच्या तोंडाआधी येतात. मग आईबाप, कारण त्यांना इंग्रजी कळतं. काका आणि त्यांच्या वयाची मंडळी दोघांचीही वाट बघत नव्हती, त्यांचं सगळं भुवयांवर चाललं होतं. जिना आला तेव्हा मात्र सगळे एकदम हसले आणि वळून माझ्याकडे बघायला लागले. आजोबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते लोकांकडे बघत होते, आणि ताईंनी दिलेली जिलबी हातात तशीच धरून होते. दुसरी दिली तेव्हा मात्र त्यांनी डायरी काढली नाही, सरळ घेतली.

पुढच्या सोमवारी मी खाली गेलो तर त्यांनी सिनेमा लावला नाही. कपाटातून एक रिकामं पातेलं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, माझं सुरुवातीचं हुकलं. मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यापासून खिडकीपर्यंत जिना चढलो. ते एकदाही हसले नाहीत. शेवटी मान हलवली, पातेलं माझ्या हातून घेतलं आणि कठड्यावर तिसऱ्या सिनेमाच्या पलीकडे नीट ठेवलं.

‘चौथा,’ ते म्हणाले.

शाळेत माझा कधी नंबर आला नव्हता. मी खुर्चीत बसलो, कॉफी घेतली, आणि मग आम्ही नेहमीसारखं पहिल्या दोघांवरून भांडायला लागलो.