कॉइल कुठे गेली

गल्लीत तिला सगळे मशीनताई म्हणत, कारण ती शिवणयंत्रं दुरुस्त करायची. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. धागा तोडणाऱ्या, टाका सोडणाऱ्या, मध्येच रुसून बसणाऱ्या मशीन तिच्या टेबलावर यायच्या आणि दोन दिवसांत मुकाट्यानं चालायला लागायच्या. नवरा म्हणायचा, "हिच्यापुढे लोखंड वाकतं, तिथे माझी काय कथा."

दुकानाला लागून एक वाळलेलं झाड होतं. वारा सुटला की त्याची फांदी पत्र्यावर खरवडायची आणि आत बसलेल्या गिऱ्हाइकांच्या माना वर व्हायच्या. पालिकेची माणसं दोनदा आली, झाडाकडे बघून गंभीर झाली आणि गेली ती गेलीच.

त्याच सुमारास ती दादाकडे, म्हणजे थोरल्या भावाकडे गेली होती. वडील, म्हणजे आबा, त्याच्याकडेच राहायचे. दादानं माळा साफ करायला काढला होता आणि भंगाराच्या ढिगावर आबांची झाडं कापायची जुनी मशीन आडवी पडली होती. आबांनी त्या करवतीवर सगळं घर चालवलं होतं. हिचं शिक्षण, लग्न, सगळं त्या मशीनच्या दातांतून आलेलं.

"ही मी नेते," ती म्हणाली.

"कशाला? मेलेलं धूड आहे ते," दादा म्हणाला.

आबा खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "राहू दे तिथंच," एवढंच बोलले. पण तिनं ती पोत्यात गुंडाळली आणि रिक्षात घातली.

तिला वाटलं होतं, आठवड्याचं काम. स्क्रू तो स्क्रू, स्प्रिंग ती स्प्रिंग. शिवणयंत्रात काय वेगळं असतं? दोरी ओढायच्या भागाचं झाकण उघडताच आतली गुंडाळलेली स्प्रिंग सापासारखी उसळली, तिच्या मनगटाला ओरखडा काढून कपाटाखाली गेली. ती परत गुंडाळून बसवण्यात सबंध दुपार गेली. मग पेट्रोलची नळी हातात घेताच तिचा भुगा झाला. कार्बोरेटर खोलला तर त्यातला पातळ पडदा सुकलेल्या पानासारखा कडक. ती तो जपून उचलायला गेली आणि तो मधोमध चिरला.

इथवर ठीक होतं. पण इंजिनाच्या बाजूचं चाक काढून तिनं आत बघितलं, तर ठिणगी पाडणारी कॉइल जागेवर नव्हतीच. दोन स्क्रूची भोकं होती, तुटकी वायर होती, आणि मध्ये मोकळी जागा.

तिनं आबांना फोन लावला. "आबा, तुमच्या मशीनची कॉइल कुठे आहे?"

"कसली कॉइल?"

"ठिणगी पाडते ती."

"मला काय आठवतंय आता. वय झालं."

कुठल्या वर्षी कुठल्या वळणावरचं झाड कसं पाडलं हे सांगायला लागला की थांबत नसे, तो हा माणूस. पण तिनं तेव्हा मनावर घेतलं नाही.

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं मशीनचा फोटो बघितला आणि ओठ मुडपले. "ताई, हे मॉडेल कधीच बंद झालं. नवीन घ्या की."

"नवीन नको. कॉइल हवी, पडदा हवा."

"एक करा, घरातल्या कुणाला तरी पाठवा. तुमच्या मिस्टरांना वगैरे."

"माझ्या मिस्टरांना बल्ब बदलता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पडदा दाखवा."

पडदा मिळाला. घरी येऊन बसवायला गेली तर भोकं जुळेनात. परत दुकान. दुसरा पडदा. तो बसला, पण मशीनला ठिणगीच नाही म्हटल्यावर त्याचा उपयोग काय? कॉइल मागवली, ती आली, तिच्या स्क्रूची भोकं केसभर बाहेर. दुसरी मागवली, ती इतकी जाड की चाक फिरेना. तिसऱ्या वेळी डब्यातून कॉइलऐवजी हवेचा फिल्टर निघाला. दुकानदार म्हणाला, "वरूनच तसं आलं." तिच्या नाकी नऊ आले. इकडे गिऱ्हाइकांची शिवणयंत्रं साचत चालली होती, टेबलाला पेट्रोलचा वास लागला होता आणि एका बाईच्या रेशमी ब्लाउजवर काळा डाग पडून भांडण झालं होतं.

दादाचा फोन यायचा. "झाली का गं?"

"नाही."

"मग सोड ना. हात टेक."

"तू भेटलास की टेकते, तुझ्या डोक्यावर."

तो हसायचा. मागून आबांचा आवाज यायचा, "काय म्हणतेय? मिळाली का?" अजून नाही, असं कळलं की आबा म्हणायचे, "बरं."

शेवटी नदीपलीकडच्या भंगारवाल्याकडे तिला तशीच एक मशीन सापडली. ट्रकखाली येऊन मागची बाजू चपटी झालेली, पण पुढचा भाग धड होता. भंगारवाल्याला सगळे मामा म्हणत. ते म्हणाले, "अख्खी घेऊन जा पोरी, जागा अडवून बसलीय." पण तिच्या दुकानात आता पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं तिथेच उकिडवं बसून कॉइल काढली, पदरात पुसली आणि तेवढीच घेऊन आली.

ती चपखल बसली. कॉइल आणि चाक यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी सरकवून तिनं अंतर धरलं, स्क्रू आवळले, प्लग लोखंडाला टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी पडली. मग पेट्रोल. दहा-बारा वेळा ओढून खांदा भरून आला, आणि ती मशीन खोकली, गुदमरली आणि एकदम गर्जली. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

तिनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मशीन दादाच्या अंगणात नेली. आबांना बाहेर बोलावलं आणि दोरी ओढली.

आबांचा चेहरा उतरला. ते वळून आत निघून गेले. दादानं पुढे होऊन मशीन बंद केली.

"काय झालं? इतक्या महिन्यांची मेहनत आहे माझी," ती म्हणाली.

दादानं शर्टाचं बटण काढून खांदा उघडा केला. गळ्याच्या हाडापासून खाली गेलेला जाड वण तिनं आधीही पाहिला होता.

"पत्र्यावरून पडलास ना तू?"

"तुला तसं सांगितलं होतं. तू नुकतीच लग्न होऊन सासरी गेलेलीस, उगाच घोर कशाला. या मशीननं उलटी उसळी मारली होती. अजून दोन बोटं वर लागली असती, तर मान गेली असती. आबांनी त्याच संध्याकाळी कॉइल काढून विहिरीत फेकली. म्हणाले, आता ही कुणाच्या हातात चालणार नाही."

ती तिथेच ओट्यावर बसली. आधी तिला दादाच्या खांद्याचं वाईट वाटलं आणि लगेच असा राग आला की कानशिलं तापली.

"म्हणजे मी गावभर कॉइल शोधत हिंडत होते, आणि तुम्हा दोघांना ती विहिरीत आहे हे माहीत होतं. फोन करून विचारत होतात, झाली का म्हणून. ताकास तूर लागू दिली नाहीत."

आबा दारात येऊन उभे होते. "मला वाटलं, मिळायची नाही," ते म्हणाले. "जुनं मॉडेल. चार दुकानं फिरशील, दमशील, सोडशील."

"मी कधी सोडलंय काही?"

"तेवढं विसरलो."

मग आबा खाली आले, मशीनजवळ वाकले आणि पुढच्या मुठीजवळच्या दोन रिकाम्या भोकांवर त्यांनी बोट ठेवलं. तिला ती भोकं आजवर बिनकामाची वाटली होती.

"इथे गार्ड असतो. मशीन उसळली की तो मनगटाला लागून मागे जातो आणि चेन जागच्या जागी थांबते. तो मीच काढला होता. काम करताना आडवा यायचा. माझ्या हाताला सवय होती. याच्या हाताला नव्हती." त्यांनी दादाकडे बघितलं नाही. "चालवायचीच असेल तर गार्ड बसव. त्याशिवाय झाडाला लावलीस तर मी पुन्हा विहीर गाठीन."

मामांकडची चपटी मशीन तिच्या डोळ्यांसमोर आली. तिला गार्ड होता. अख्खा, धड. ती तशीच उठून नदीपलीकडे गेली. भंगाराचा ट्रक आदल्याच दिवशी भट्टीला गेला होता. मामा म्हणाले, "मी म्हटलं होतं अख्खी ने." तिनं कपाळावर हात मारला, आणि हाताला ग्रीस होतं.

पुन्हा तेच दुकान, तीच उत्तरं. पावसाळा आला नि गेला, तेव्हा कुठे दुसऱ्याच मॉडेलचा एक गार्ड हाती लागला. तो बसेना. तिनं त्याचे कान घासले, नवी भोकं पाडली, आतली पट्टी कापून जुळवली. आबा रोज रिक्षानं येऊन दुकानात बसायचे आणि प्रत्येक वेळी गार्ड मनगटानं ढकलून बघायचे. "अजून जड जातोय," म्हणायचे. ती दात-ओठ खाऊन तो पुन्हा उतरवायची. एकदा तिनं पक्कडच आपटली. आबा बसून राहिले. पक्कड तिलाच उचलावी लागली.

दुकानालगतचं वाळलेलं झाड कापायला घेतलं त्या दिवशी दादा दोर धरायला आला होता. तो बराच लांब उभा होता आणि त्याचा हात सारखा खांद्याकडे जात होता. आधी फांद्या उतरल्या, पत्र्याला धक्का न लागता. मग बुंधा. मशीन छान चालली, अर्ध्यापर्यंत. मग करकरून ठिणग्या उडाल्या. कुणीतरी कधीकाळी झाडात ठोकलेला खिळा लाकडानं गिळून टाकला होता. चेनचे दात गेले.

तिनं मशीन बंद केली, जमिनीवर ठेवली आणि बाजूला बसली. आता तिच्यात चिडायचंही त्राण नव्हतं. बुंधा अर्धा कापलेला, दोर ताणलेला.

दादा म्हणाला, "हातकरवत आणू?"

"आण," आबा म्हणाले. "आधी झाड पडू दे, असं अर्धवट सोडायचं नसतं." मग त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली गोल कानस काढली आणि लेकीसमोर धरली. "हे झालं की बस माझ्याजवळ. दात एकेक घासायचा असतो. वेळ लागेल, आणि तू वैतागणार आहेस, ते मला माहीत आहे."