मी गोळीचाही उपास धरला

"तुमची टीएसएच बरीच वाढलीय," पालघरच्या डॉक्टरीणबाई रिपोर्टवरून बोट न काढता म्हणाल्या. "दिवस राहत नाहीत त्याचं हे कारण असू शकतं."

मला आधी आठवली ती माझी धाकटी जाऊ, स्वाती. माझ्या लग्नाला पाच वर्षं झालेली, आणि तिला लग्नानंतर वर्षाच्या आत दिवस गेले होते. बाई आजार समजावत होत्या आणि मी मनात म्हणत होते, हे मलाच का, तिला का नाही.

खुणा आधीच होत्या. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, केस गळायचे, बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला उभ्या उभ्या झोप यायची. थायरॉइड ही गळ्यातली छोटी ग्रंथी. ती मंदावली की मेंदू तिला डिवचत राहतो. ते डिवचणं म्हणजे टीएसएच. त्यात स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा तासाभराने.

इकडे उमरोळीच्या आमच्या घरात स्वातीला वास सहन होत नाही म्हणून बोंबील बंद झाले. सासूबाई तिला बसल्या जागी चिकू सोलून देत. ती मोरीत ओकायची आणि मला तिच्या उलट्यांचासुद्धा हेवा वाटायचा. सांगायला लाज वाटते, पण वाटायचा.

मग मी उपास वाढवले. सोमवार होताच, गुरुवार धरला, शनिवार धरला. देवाला मी तिच्यापेक्षा जास्त दिसले पाहिजे, एवढाच हिशेब. माझा उपास कडक, संध्याकाळपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. म्हणून त्या दिवशी मी गोळीही घेत नसे. डॉक्टरीणबाईंना हे सांगायचं सुचलंच नाही.

तीन महिन्यांनी टीएसएच जवळपास तिथेच. बाईंनी डोस वाढवला. मी घरी येऊन रडले, मला औषधसुद्धा लागू पडत नाही म्हणून.

त्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी स्वाती ओट्याशी गोळी काढताना दिसली. पट्टी हुबेहूब माझ्यासारखी. विचारलं, तर म्हणाली, "पयल्याच टेस्टमधी थायरॉइड आला ना. डॉक्टर बोलल्या, सुरवातीला बाळ आईच्याच थायरॉइडवर वाढतं."

मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. माझा नुसता जळफळाट झाला. मूल तर तिला मिळालंच, वर माझा आजारही. तेवढा एक तरी माझ्या एकटीचा होता.

"तुमी घेतली काय?" तिने विचारलं.

"आज सोमवार हाय."

"मंग? सोमवार मी पन धरते, ताई. गोळीनं उपास नाय मोडत." ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजे आठवड्याला तीन गोळ्या चुकवता तुमी?"

तीच मला त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या रागावल्या नाहीत. डोस पुन्हा पहिल्यासारखा केला आणि म्हणाल्या, "उपास खुशाल करा. गोळी मात्र एकही दिवस सोडू नका."

पुढच्या तपासणीत टीएसएच खाली आली. पाळी सुधारली. स्वातीला मुलगी झाली, तिचीही थायरॉइड तपासणी झाली, ठीक निघाली. तिला मांडीवर घेताना मला हेवा वाटलाच. तरी घेतलं.

काही महिन्यांनी माझी पाळी चुकली. त्याच आठवड्यात रक्त तपासलं, कारण गरोदरपणात गोळी बहुधा वाढवावी लागते. लोहाची गोळी दुपारी, थायरॉइडच्या गोळीपासून लांब. ज्या बायका माझ्यासारख्या वाट बघताहेत त्यांनी ही तपासणी आधी करून घ्यावी, आणि आपण काय करतो, काय चुकवतो, ते डॉक्टरांना सगळं सांगावं. माझे तीन-चार महिने त्यातच गेले.

आता सातवा महिना आहे. काल सासूबाईंनी मला चिकू सोलून दिला, तर स्वाती मुलीला थोपटत म्हणाली, "आमाला कोन देतं आता सोलून?" तिचा चेहरा खरंच पडला होता. मला फार बरं वाटलं. मग मी चिकूचे दोन भाग केले आणि एक तिला दिला. मोठा माझ्याकडेच ठेवला.