एक तुकडा कमी

आमच्या स्केलविक गावच्या धर्मादाय दुकानात लोक जे काही दान म्हणून आणून टाकतात, त्यात सगळ्यात लबाड वस्तू म्हणजे जुने जिगसॉ, तुकडे जुळवून चित्र लावायची कोडी. बशीला तडा असेल तर तो दिसतो, कोटाचं अस्तर फाटलेलं असेल तर हाताला लागतं. जिगसॉची पेटी मात्र साळसूद चेहरा करून बसते. वर हजार तुकडे असं छापलेलं असतं, आणि आत नऊशे नव्याण्णव असले तरी हलवून काही कळत नाही. गिऱ्हाईक तीन आठवडे जेवणाचं टेबल अडवतं, घरच्यांना मांडीवर ताटं घेऊन जेवायला लावतं, आणि शेवटी चित्रातल्या नवरीच्या तोंडाच्या जागी त्याला टेबलाचं लाकूड दिसतं. मग ते तणतणत माझ्याकडे येतं. मी नॉर्मा. तीस वर्षं बस चालवली आहे, माझ्याशी भांडायला सहसा कोणी दुसऱ्यांदा येत नाही. जिगसॉवाले येतात.

म्हणून आम्हाला एनिड थ्वेट हवी होती. वय एकोणऐंशी, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. दर सोमवारी ती दोन पेट्या घरी न्यायची, पूर्ण लावून बघायची, मोडायची आणि पुढच्या सोमवारी झाकणावर चिठ्ठी चिकटवून परत आणायची. ‘पूर्ण. ए. थ्वेट.’ किंवा ‘एक तुकडा कमी. डावीकडच्या गाईचं शिंग.’ पगार नाही, काही नाही; दुकानात आम्ही सगळे फुकटचेच नोकर. पण तिची चिठ्ठी बघितली की आसपासच्या तीन गावांतले लोक पेटी न उघडता घ्यायचे.

तिला या कामाची गोडी होती ती जुनेपणाची. झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या लोकांनी काय काय लिहिलेलं असायचं. ‘पाय मोडला तेव्हा लावलं, १९८१.’ ‘आकाशाचे तुकडे जॉर्जने लावले, तक्रारी त्याच्याकडे.’ एनिड ते मला वाचून दाखवायची आणि कधी नव्हे ती हसायची. तुकड्यांना कुणाच्या तरी पाइपचा वास असायचा. तळाशी हेअरपिना निघायच्या, टोस्टचा चुरा निघायचा, एकदा तर कुणाचा तरी दात निघाला. एका पेटीत मांजराचा डोळा हरवलेला होता, आणि कुणीतरी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, रंगवून तो बसवला होता. एनिडने चिठ्ठीवर लिहिलं, ‘पूर्ण. एक डोळा घरचा.’

खोड्याही होत्या. दोन वेगवेगळ्या किल्ल्यांच्या चित्रांचे तुकडे एकाच पिशवीत मिसळलेले, कुत्र्याने चावून लगदा केलेले कोपरे. एकदा मी मोठ्या हुशारीने एका कोड्यातलं भोक भरायला त्याच चित्राची दुसरी पेटी शोधून आणली. एनिडने तुकडा लावून बघितला आणि माझ्यासमोर ठेवला.

“चित्र तेच आहे, कापणी वेगळी आहे,” ती म्हणाली. “तू बसच चालव.”

मग पाच वर्षांपूर्वी तिच्या चिठ्ठ्या खोट्या ठरायला लागल्या. तिने स्वतः ‘पूर्ण’ लिहिलेली पेटी कोणी नेऊन, लावून, पुन्हा दान म्हणून आणून दिली की एनिड ती परत तपासायची. तो आमचा नियम होता. आणि त्यात एक तुकडा कमी निघायचा. कुठला तरी कोपऱ्यातला नाही, नेमका वर्मावरचा. कुत्र्याचं नाक. चर्चचं घड्याळ. मी म्हटलं, म्हातारीची नजर गेली, आता तिला सांगायचं कोणी?

शेवटी मीच तोंड उघडलं. “एनिड, ही तूच ‘पूर्ण’ लिहिली होतीस.”

“होतीच पूर्ण.”

“मग आता?”

“कोणी नेली होती?”

मी आठवून बघितलं. “हिल्डाने. गुरुवारी.”

एनिडने चहाचा कप खाली ठेवला. “आधीची?”

“ती पण हिल्डानेच.”

“हं,” एनिड म्हणाली, आणि चिठ्ठी बदलायला घेतली.

हिल्डा म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. दोघींची घरं दोन गल्ल्या सोडून, आणि तेव्हाच सहा वर्षांचा अबोला. का, तर एनिडच्या नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर चहापाण्याला जे हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, ठेवलं होतं, ते सुकं होतं असं हिल्डा एका चुलत बहिणीला म्हणाली, आणि एनिडने ते ऐकलं. बस, एवढंच. त्या दिवसापासून एनिड सोमवारी दुकानात यायची आणि हिल्डा गुरुवारी. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडे, एक उजवीकडे.

“मी सांगते तिला,” मी म्हटलं. “चोरीच आहे ही.”

“चोरी नाही.” एनिड माझ्याकडे न बघता म्हणाली. “आमच्या घरी नाताळात टेबलावर कोडं मांडलेलं असायचं. शेवटचा तुकडा आपण लावायचा म्हणून प्रत्येक जण एक तुकडा लपवायचा. वडिलांचा नियम होता. ज्याने लपवला त्याचं नाव घेऊन, प्लीज म्हणून मागायचं. मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. आणि मागितल्याशिवाय द्यायचा नाही.”

“मग माग की.”

“तिने आधी हॅमचं बघावं.”

मी हिल्डाला गाठलंच. बारकी, गुलाबी, गोड बोलणारी बाई, खिशात कायम टॉफी. मी तिला सरळ विचारलं, तर तिने मलाच एक टॉफी दिली.

“तिने मागितलाय का?” तिने विचारलं.

“नाही, मी मागतेय.”

“तू कोण गं? तू आमच्या घरातली आहेस का?” आणि नवी पेटी काखेत मारून निघून गेली.

मी हात टेकले. दोघींना एकाच खोलीत कोंडावं असं मला शंभरदा वाटलं. पण आमच्याकडे कोणी कोणाच्या भांडणात पडत नाही. आपण हवापाण्यावर बोलतो आणि घरी जातो. मीही तेच केलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. एक तुकडा कमी असलेल्या पेट्या कोणी घेत नाही. थोडे दिवस मी त्या फळीवर ठेवायचे आणि मग रद्दीत द्यायचे. एकामागून एक सगळ्या दिल्या.

गेल्या फेब्रुवारीत हिल्डाला झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, आणि आत किती हिल्डा शिल्लक आहे ते डॉक्टरांनाही सांगता येईना. तिचा मुलगा कॅनडाहून आला, तिला टेकडीवरच्या शुश्रूषागृहात ठेवलं, घर रिकामं केलं आणि खोकी आमच्या दारात उतरवून परत गेला. त्या सोमवारी मी आणि एनिड खोकी उपसत होतो. भांडी, पडदे, विणकामाच्या सुया, आणि टॉफीचा एक पत्र्याचा डबा.

डब्यात लहान लहान लिफाफे होते, सव्वीस. प्रत्येकात एक तुकडा. प्रत्येकावर हिल्डाच्या बारीक अक्षरात कोड्याचं नाव, तारीख, आणि खाली एकच शब्द: ‘एनिडसाठी’.

एनिड उभीच राहिली. मी खुर्ची सरकवली तरी बसली नाही. “ती वाट बघत होती,” ती म्हणाली. “पाच वर्षं वाट बघत होती, आणि मी चिठ्ठ्या बदलत बसले.” मग माझ्याकडे वळली. “पेट्या कुठे आहेत?”

मला तोंड वर करता येईना. “रद्दीत दिल्या, एनिड.”

“सगळ्या?”

सगळ्या नाही, एक होती. बंदराचं चित्र, तीन चतुर्थांश राखाडी आकाश, कुणालाही नको असलेलं. दुकानाच्या खिडकीत फुलदाणीला उंची यावी म्हणून मी ती पेटी खाली लावली होती. मी धावत जाऊन ती काढून आणली. सव्विसातला तो लिफाफाही सापडला: होडीतल्या माणसाची लाल टोपी. अख्ख्या चित्रात तेवढाच लाल रंग.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला गाडीने टेकडीवर न्यायला लागले. हिल्डा खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असायची. एनिडने तिच्यासमोर टेबलावर फळी ठेवली आणि कोडं लावायला घेतलं. पहिल्या दिवशी ती नुसतं “हिल्डा, मी आलेय” एवढंच म्हणाली. अकरा वर्षांनी बहिणीशी काय बोलायचं ते तिला सुचेना, म्हणून कडेचे तुकडे वेगळे करत राहिली. हिल्डा बाहेरच्या समुद्राकडे बघायची. कोणी आत आलं की प्रसन्न हसायची. नर्सला, मला, चहाच्या गाडीला, एनिडलाही. सगळ्यांना सारखंच.

“माझं ते हॅम सुकंच होतं,” एनिड एका दुपारी आकाश जुळवता जुळवता म्हणाली. “ऐकलंस का? सुकं होतं.”

हिल्डा हसली. मला आणि एनिडला मात्र एकमेकींकडे बघायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात एकच भोक उरलं. एनिडने लिफाफ्यातून लाल टोपी काढली आणि हिल्डाच्या डाव्या हातावर ठेवली. स्वतःची खुर्ची जवळ ओढली, पाठ सरळ केली.

“हिल्डा,” ती म्हणाली. “तुकडा दे. प्लीज.”

हिल्डाने तुकड्याकडे बघितलं. मग एनिडकडे, बराच वेळ. मग फळीवरच्या भोकाकडे. हिल्डाने मूठ मिटली आणि हात हळूच आपल्या लोकरी जाकिटाच्या खिशात घातला.

“हिल्डा, प्लीज म्हटलं मी.”

हिल्डा हसली. ते जुनं खट्याळ हसू होतं, की चहाच्या गाडीला मिळायचं ते, मला सांगता येणार नाही. मी एनिडच्या तोंडाकडे बघितलं, तर तिलाही ते कळलेलं नव्हतं. तिने तिसऱ्यांदा मागितलं. हिल्डा आता समुद्राकडे बघत होती.

नर्स पुढे आली. “मी काढून देऊ का खिशातून? त्यांना समजत नाहीये.”

“राहू दे,” एनिड म्हणाली.

तिने कोडं मोडलं, तुकडे पिशवीत भरले, पिशवी पेटीत ठेवली. हिल्डाच्या केसांवरून एकदा हात फिरवला. गाडीत मी हवेबद्दल काही बोलले नाही.

सोमवारी ती नेहमीच्या वेळी दुकानात आली. पेटी काउंटरवर ठेवली, चष्मा लावला, पेन मागितलं. मी म्हटलं, “एनिड, ही घरी ने. विकायला कशाला ठेवायची?” तिने ऐकलं नाही. जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि नवी लिहिली. लिहून झाल्यावर मला वाचायला दिली, शुद्धलेखन बघ म्हणाली, म्हणजे मला तिच्या तोंडाकडे बघावं लागू नये.

‘एक तुकडा कमी. माझ्या बहिणीकडे आहे. ए. थ्वेट.’