बाबांची खुर्ची आणि हंगेरीचा राजा

पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीने एक गंमत केली. देश स्वतःला राजाचं राज्य म्हणवत राहिला, मुकुटही जपून ठेवला, पण गादीवर राजा मात्र बसवला नाही. त्याच्या नावाने कारभार बघायला एक नौसेनापती नेमला, तोही देशाला समुद्र उरला नसताना. हा भाग मी कॉलेजात शिकवायचो तेव्हा पोरं हसायची, मीही हसायचो. आमच्या नंदनवन वस्तीतल्या जुन्या घरी नेमकं हेच चाललंय, हे कळायला मला बाबा गेल्यावर दोन वर्षं लागली.

जेवणाच्या टेबलाशी बाबांची हातांची खुर्ची होती. ते गेले, खुर्ची तशीच राहिली आणि आई त्यांच्या नावाने राज्य करू लागली. गच्चीवर सोलर बसवायचं का, भाचीच्या लग्नाला कोण जाणार, कुठलाही प्रश्न आला की ती म्हणे, "तुह्या बाबाले नसतं आवडलं." विषय संपला. बाबांना हयातीत इतकी मतं नव्हती. गवारीची भाजी तर ते दोनदा मागून घ्यायचे, आणि आता म्हणे त्यांना गवार चालत नव्हती.

मी एकुलता एक मुलगा, म्हणजे रीतसर वारस. तेराव्याचे पाहुणे गेले त्या संध्याकाळी मी सहज ती खुर्ची ओढली. आईने माझ्या आधी तिच्यावर पेपरांची चळत ठेवली आणि माझं ताट माझ्या नेहमीच्या स्टुलासमोर मांडलं. पन्नाशीचा माणूस स्टुलावर बसून निमूट जेवला. हंगेरीचा हद्दपार राजाही गादी मागायला पहिल्यांदा असाच गुपचूप परत आला होता. नौसेनापतीने त्याची गोड बोलून बोळवण केली.

दुसऱ्यांदा राजा सैन्य घेऊन आला होता. मी टेम्पो घेऊन गेलो. आई नंदनवनात एकटी राहते याचा मला घोर लागलेला, म्हणून तिने हुडकेश्वरला आमच्याकडे यावं असं मी परस्पर ठरवून टाकलं. म्हटलं, आधी टेबल-खुर्च्या हलवू, मागोमाग आई येईल. सोबत दोन हमाल होते.

"काहून गा, टेम्पो कायले आणला?" आईने दारातच विचारलं.

मी सांगितलं. हमालांना आत बसवून तिने तर्री-पोहे केले, वर शेव घातली, गावाकडची चौकशी केली. अर्ध्या तासात माझं सैन्य तिला फितूर झालं. त्यातला एक मलाच म्हणाला, "मायले कायले तरास देता साहेब?" टेम्पो रिकामा परत गेला.

मी संतापलो होतो. ताटावर बसल्या बसल्या तिला हंगेरीची सगळी गोष्ट ऐकवली. म्हटलं, "तू तो नौसेनापती आहेस. बाबांचं नाव पुढे करायचं आणि राज्य स्वतः करायचं!"

आई समोरच्या बिनहातांच्या खुर्चीवर बसून जेवत होती. तिला गोष्ट आवडलेली दिसली.

"मंग तो राजा तिथं बसला असता, तर त्या जहाजवाल्याले काय करा लागलं असतं?"

"काय करणार? खुर्ची सोडून उभं राहायचं."

"हं," ती म्हणाली. तिने भात कालवला. "पन्नास वर्षं म्या उभ्यानं वाढलं. तुह्या बाबाचं झालं का तुह्यं, मंग माह्यं. आता मी बसून जेवून राहिली. त्या खुर्चीवर कोणी बसलं का मले पुन्हा उभं राहा लागन. तुह्या घरी त तू बसशीनच ना."

मी बाबांचाच मुलगा. माझ्या घरी अशीच एक हातांची खुर्ची आहे, आणि तिच्यावर मी बसतो. मी जेवायला बसलो की बायको तव्याशी असते. आईला कधी गरम फुलका खाताना मी पाहिलं होतं का, ते आठवून बघितलं. एकही वेळ आठवली नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

शेवटचा फुलका भाजायचा राहिला होता आणि आई उठायच्या बेतात होती. मी तिला बसवलं आणि स्वतः उठलो. फुलका फुगला नाही, एका बाजूने जळला. तूप लावून तो तिच्या ताटात टाकला आणि काय करावं ते न सुचून तिथेच उभा राहिलो.

आईने तो उलटापालटा करून पाहिला, मोडला, चावून खाल्ला.

"तुह्या बाबाले नसतं आवडलं," ती म्हणाली, आणि आणखी एक मागितला.